मनोरचा बासवाला

फुंकून वाजवायच्या वाद्यांचा एक नियम कुठे लिहिलेला नाही, पण प्रत्येक बँडवाल्याला तो पहिल्याच वर्षी कळतो. भरल्या पोटी वाजवता येत नाही आणि रिकाम्या पोटीही वाजवता येत नाही. जेवून वाजवलं तर ढेकर कॉर्नेटमधून बाहेर पडतो आणि तो नेमका नवरदेवाच्या आईला ऐकू जातो. उपाशी वाजवलं तर चौथ्या गाण्याला डोळ्यांपुढे काजवे चमकतात. म्हणून जाणता बँडवाला दीड चपाती आणि अर्धा कप चहा एवढ्यावर उभा राहतो. हे दीड चपातीचं शास्त्र मला शिकवलं माझ्या इनासमामाने. तो स्वतः मात्र वर्षातून एक दिवस ते पाळत नसे, आणि तो दिवस म्हणजे पंधरा ऑगस्ट.

संपादकांनी मला 'ख्रिस्ती श्रद्धा आणि स्वातंत्र्य' असा विषय दिला आहे. विचारवंत मंडळींनी नकार दिल्यावर ते माझ्याकडे आले असावेत, कारण माझं शिक्षण सातवीपर्यंत आणि या दोन्ही बाबतींतला माझा अनुभव फुंकण्यापुरता. पण पालघर-बोईसर पट्ट्यात चाळीस वर्षं बँड चालवला म्हणजे देव आणि देश या दोघांच्याही मिरवणुकीत पुढे चाललोय, एवढं नक्की. तेव्हा जे समोर घडलं तेच सांगतो.

आमचा ताफा पाच जणांचा. मी कॉर्नेट, ही लहान पितळी तुतारी, म्हणजे पुढे चालून मिरवायचं काम माझं. मागे दोन क्लॅरिनेट, एक ढोल, आणि सगळ्यांत शेवटी बास. बास म्हणजे अंगाभोवती गुंडाळून घ्यायचा, सुपाएवढ्या तोंडाचा पितळी भोंगा. त्याच्या वाट्याला गाणं नसतं. तो नुसते खालचे सूर धरतो, पों, पों, पोंपों. बास चालू असतो तोवर तो आहे हे कोणाच्या ध्यानातही येत नाही. थांबला की मात्र भाजीत मीठ विसरल्यासारखं होतं आणि चालती वरात अडखळते. बास मामाकडे होता.

आम्ही मूळचे वसईकडचे. आजोबांच्या वेळी वाडीच्या कामाला इकडे आलो आणि पालघरपासून कोसभरावर एका पाड्यात राहिलो. पंधरा-वीस घरं आणि एक लहानसं चर्च. आमची जुनी माणसं त्याला देऊळच म्हणत. मामा गावातल्या एका शाळेत शिपाई होता. दिवसा घंटा वाजवायचा आणि लग्नसराईत संध्याकाळी बास. आमचे लाल कोट कुठल्याशा गोऱ्या पलटणीच्या मोडीतून आणलेले होते आणि बटणांवर इंग्रजांचा मुकुट होता. सत्तेचाळीस साली मामाने पाचही कोटांच्या बटणांवरचा मुकुट काचकागदाने घासून काढला. त्याला तीन दिवस लागले. कोणी सांगितलं नव्हतं, आणि नंतर कोणी पाहिलंही नाही.

बँडवाल्याला गिऱ्हाईक निवडता येत नाही. आम्ही इंग्रज कलेक्टर बदकं मारायला आला तेव्हा वाजवलं, दमणला पोर्तुगिजांच्या अमलात सणाला जाऊन वाजवलं, नवापूरच्या कोळ्यांच्या नव्या होड्या पाण्यात लोटताना वाजवलं आणि शाळा समितीचे अध्यक्ष नानासाहेब यांच्या थोरल्या मुलीच्या लग्नातही वाजवलं. एकसष्टच्या डिसेंबरात गोवा आणि दमण सुटलं. त्यानंतरच्या लग्नसराईत मनोरच्या एका शेटजींना देशप्रेमाचं असं भरतं आलं, की अंतरपाट दूर होताक्षणी राष्ट्रगीत वाजवा म्हणून त्यांनी हुकूम सोडला. मी म्हटलं, "शेट, सगळे उभे राहतील." शेट म्हणाले, "त्यासाठीच तर वाजवायचं!" वाजवलं. भटजी ताठ उभे, वऱ्हाडी ताठ उभे, नवरानवरी हातात हार धरून ताठ उभे. हार घालायचा मुहूर्ताचा क्षण निघून गेला. भटजींनी वधूपित्याकडे पाहिलं, वधूपित्याने शेटजींकडे, आणि मुलीच्या आईने डोळ्यांना पदर लावला. मामा परतताना एवढंच म्हणाला, "शेटला गाणं कळलं, येळ नाय कळली." हा प्रसंग लक्षात ठेवा, कारण तीन महिन्यांनी मनोरचं नाव माझ्या तोंडी आलं ते त्या शेटमुळेच.

आता पंधरा ऑगस्ट. त्या दिवशी देश स्वतंत्र झाला हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्याच दिवशी मरियामातेला स्वर्गात नेलं असा आमचा मोठा सण असतो, हे आमच्याखेरीज फारसं कोणाला ठाऊक नसतं. दोन्ही मालक एकाच सकाळी बोलावणार. म्हणून आमची वाटणी ठरलेली होती. आठ वाजता शाळेच्या मैदानावर झेंडा, मग वाद्यं सायकलींवर लादून पाड्यावर, आणि दहा वाजता मिस्सा, म्हणजे आमची सणाची उपासना. बास खांद्यात अडकवून सायकल मारणारा मामा दिसला की रस्त्यावरची गुरं बाजूला होत.

अडचण होती ती उपासाची. आमच्यातला जुना नियम असा, की ज्याला मिस्सेत ख्रिस्तप्रसाद घ्यायचा त्याने मध्यरात्रीपासून पोटात काही घ्यायचं नाही, पाण्याचा घोटही नाही. रोमहून पाच-सहा वर्षांपूर्वीच सूट आली होती, तीन तासांचा उपास पुरे आणि पाणी केव्हाही चालेल अशी. आमच्या तरुण फादरने ती वेदीपाशी उभं राहून वाचून दाखवली होती. मामाने ती शांतपणे ऐकली आणि सणाच्या आदल्या रात्री माठावर नेहमीसारखं झाकण ठेवून दिलं.

"मामा, पाणी चालतं म्हणाले फादर," मी म्हणायचो.

"चालतं म्हनाले. प्यायलाच पायजे म्हनाले का?"

"नाही."

"मंग झालं."

गोवा-दमण सुटल्यानंतरचा तो पहिला पंधरा ऑगस्ट. गावात जोर होता. ठाण्याहून एक पुढारी पाहुणे येणार होते. मामा पहाटे चारला शाळेत गेला, मैदान झाडलं, चिखलावर वाळू टाकली, फक्कीच्या रेघा मारल्या आणि सात वाजता शिपायाचा सदरा उतरवून लाल कोट चढवला. दर वर्षी झेंड्याची गाठ तोच बांधायचा. ती गाठही एक कसबच आहे. वर चढेपर्यंत सुटता कामा नये आणि खालून एक झटका दिला की फुलांसकट उलगडली पाहिजे. त्या वर्षी नानासाहेब म्हणाले, "इनास, यंदा राहू दे. यंदा मी बांधतो." त्या 'यंदा'चा अर्थ आम्हा पाचही जणांना कळला. पोर्तुगीज गेले होते आणि त्यांच्या धर्माचे आम्ही मागे उरलो होतो. मामा बाजूला झाला.

नानासाहेब भाताचे व्यापारी. हाताला जी सवय तीच गाठ त्यांनी मारली, पोत्याला मारतात ती.

पाहुणे आठला यायचे ते पावणेदहाला आले. मधून मधून पावसाची सर येत होती. आम्ही आपले वाद्यं घेऊन रांगेत उभे. एकदा मी मागे वळून मामाला म्हटलं, "बास खाली ठेव जरा." तर म्हणाला, "भुई वली हाय, पितळेला बाधल." पाहुणे आले, दोरी ओढली. झेंडा वर गेला, पण उलगडेना. दुसरा झटका, तिसरा झटका. पावसाने गाठ अशी आवळली होती की ती आता बाजारातच सुटली असती. पाहुण्यांच्या कपाळावर घाम, नानासाहेब आकाशाकडे पाहताहेत, आणि आम्ही वाद्यं ओठांना लावून तयार, कारण झेंडा उलगडला त्या क्षणी सूर निघालाच पाहिजे. शेवटी मामा पुढे झाला. बास ढोलवाल्याच्या हातात दिला, झेंडा अदबीने खाली घेतला, ओली गाठ नखांनी सुटेना म्हणून दातांनी सैल केली, फुलं पुन्हा भरली, आपली नेहमीची गाठ मारली आणि जागेवर येऊन बास अंगावर चढवला. पाहुण्यांनी एक झटका दिला. झेंडा फडकला, फुलं पडली. मी पहिला सूर लावला.

राष्ट्रगीत बावन्न सेकंदांचं. निम्म्यावर आलो तेव्हा मागून येणारा बासचा आवाज एकाएकी खालून यायला लागला. मी सावधान उभा, मागे पाहता येईना. सूर तसाच, ताल तसाच, नुसती जागा बदललेली. शेवटच्या चढत्या ओळींनाही बास बरोबर होता. गीत संपलं तेव्हा मी वळून पाहिलं. मामा चिखलात मांडी मोडून बसला होता, बास मांडीवर, ओठ अजून फुंकायच्या नळीला लावलेले, चेहरा फक्कीसारखा पांढरा.

इथे एक गोष्ट बाहेरच्या माणसाला समजावून सांगायला हवी. मामाला घेरी आली होती. साधा माणूस असता तर वाद्यासकट आडवा झाला असता, लोक धावले असते, कोणी कांदा हुंगवला असता आणि सगळे हळहळले असते. पण मामा बासवाला होता. पडता पडता त्याने ठरवलं, की पाय गेले तरी सूर जाऊ द्यायचा नाही. म्हणून तो पडला नाही, बसला, आणि बसून वाजवत राहिला. त्यामुळे मैदानावरच्या चारशे लोकांना काय दिसलं? एक ख्रिस्ती माणूस राष्ट्रगीत चालू असताना खुशाल मांडी घालून बसला आहे.

गलका झाला. पाहुण्यांबरोबर एक चिटणीस आला होता, हातात वही घेऊन. तो थेट माझ्यापाशी आला. "कोण हा माणूस? तुमचा कोण लागतो?"

मला त्या वेळी काय काय दिसलं ते सांगतो. बँडची झेंडावंदनं गेलेली दिसली, नानासाहेबांची जीप दिसली, पोलिसचौकी दिसली. आणि मी म्हणालो, "कोणी नाही साहेब. बासवाला आहे. भाड्याने आणलाय, मनोरहून."

त्याने लिहून घेतलं, मनोर. दहाच मिनिटांत नानासाहेबांनी त्याला सांगितलं की हा आमच्याच शाळेचा शिपाई, इनास. म्हणजे माझ्या खोट्याचा कोणाला काडीइतका उपयोग झाला नाही. ख्रिस्ताला पकडून नेल्यावर 'मी त्याला ओळखत नाही' म्हणणाऱ्या त्याच्या शिष्याची गोष्ट आमच्या धर्मात फार जुनी आहे, पण त्या बिचाऱ्याला निदान कोंबड्याने जागं केलं. मला कोणी केलं नाही. मामा चार हातांवर बसला होता. त्याने ऐकलं की नाही हे मला त्याच्या चेहऱ्यावरून कळेना, आणि विचारायची माझी छाती झाली नाही. आज इतक्या वर्षांनीही ते वाक्य आठवलं की माझे कान तापतात.

नंतर पाहुण्यांनी पाऊण तास स्वातंत्र्यावर भाषण केलं. मामा शाळेच्या पाण्याच्या टाकीला टेकून बसला होता आणि टाकीतलं पाणी पीत नव्हता. आम्ही पाड्यावर पोचलो तेव्हा बारा वाजत आले होते. फादर थांबले होते. मामाने ख्रिस्तप्रसाद घेतला, गुडघे टेकून प्रार्थना केली, मग विहिरीवर जाऊन तीन तांबे पाणी प्यायला.

चौथ्या दिवशी शाळेतून चिठ्ठी आली. आरोप दोन. एक, राष्ट्रगीताच्या वेळी बसून राहणे. दोन, राष्ट्रध्वजाच्या दोरीस दात लावणे. आठ दिवसांत लेखी खुलासा करावा, अन्यथा कामावरून कमी करण्यात येईल. मामाला निवृत्तीला तीन वर्षं राहिली होती आणि मामीला दमा होता. शाळेतली नोकरी गेली तर बासवर घर चालणार नव्हतं, कारण बास वर्षातून चार महिने चालतो.

खुलासा लिहायला मी बसलो. आमच्या घरात लिहिणारा मीच. पहिला मसुदा केला, प्रकृती बरी नव्हती म्हणून. पाड्यावरच्या जाणत्यांनी सांगितलं, असं लिहिलंत तर प्रकृतीच्या कारणावरून काढतील. दुसरा मसुदा केला, धार्मिक उपास होता म्हणून. तो वाचून मलाच घाम फुटला. त्याचा अर्थ सरळ होता, की धर्मापायी राष्ट्रगीताचा मान ठेवला नाही. तिसरा मसुदा माफीचा. तो मामाने ऐकला आणि म्हणाला, "मापी कशाची? सूर तुटला का?"

"नाही तुटला."

"मंग?"

फादर मदतीला आले. भला माणूस, नवीन नवीन सेमिनरीतून आलेला. त्यांनी छापील कागदावर सुरेख अक्षरात पत्र दिलं. इनास हे प्रामाणिक गृहस्थ असून, चर्चचा मात्र पाण्याविना उपास करण्याचा असा कोणताही नियम आता राहिलेला नाही, असा मजकूर. म्हणजे चर्चवर ठपका नको आणि मामालाही मदत व्हावी, असा त्यांचा हेतू. पत्राचा अर्थ निघाला तो असा की चूक सर्वस्वी इनासची. देशाच्या बाजूने त्याने बसायला नको होतं, आणि धर्माच्या बाजूने त्याने उपाशी राहायला नको होतं. मी ते पत्र घडी घालून खिशात ठेवलं. समितीला दाखवलं नाही.

त्या संध्याकाळी मी मामावर चिडलो. म्हटलं, "रोमने सूट दिली, फादरने सांगितलं, मी सांगितलं. एक कप चहा घेतला असतास तर आज ही पाळी आली नसती. कोणासाठी राहिलास उपाशी?"

मामा बासचं तोंड चिंचेने घासत होता. "सूट हाय ना? ती घ्यायलाच लागली तर ती सूट नाय, हुकूम झाला." मग घासता घासता म्हणाला, "कलेक्टर आलेला तवा आमी सहा तास उपाशी उभे व्हतो. सायबाचा नाश्टा होईस्तोवर. तवा उपास त्याचा व्हता. ह्यो उपास माझा हाय. मला वाटलं व्हतं, राज आपलं आल्यावर येवडं तरी आपल्या मनाने करता येल."

पाहुण्यांनी पाऊण तासात जे सांगितलं नव्हतं ते हा माणूस चिंचेच्या चोथ्याने पितळ घासताना सांगत होता. पण हे खुलाशात कसं लिहायचं ते मला सुचलं नाही. शेवटी खुलाशात एकच ओळ लिहिली, 'समक्ष भेटून सांगतो', आणि खाली मामाची सही घेतली.

समिती बसली ती शाळेच्या ग्रंथालयात. नानासाहेब आणि चार सभासद खुर्च्यांवर. हेडमास्तर टेबलाच्या कडेला इतिवृत्त लिहायला. ते मितभाषी, डोळ्यांनी अधू, नानासाहेबांना घाबरून असणारे गृहस्थ होते. मला साक्षीला बोलावलं होतं. मामा बास घेऊन आला होता, कारण तिथून परस्पर कोळगावला एका बारशाला जायचं होतं. आम्ही दोघे उभे. आम्हाला खुर्च्या ठेवलेल्याच नव्हत्या.

नानासाहेब म्हणाले, "बसून वाजवत होतो म्हणतोस. आम्हाला तर तुझा आवाज काही ऐकू आला नाही. भोंगा तोंडाला लावून नुसतं सोंग करत होतास."

मी म्हटलं, "साहेब, बास वेगळा ऐकू येत नाही. तो सगळ्यांच्या खाली असतो."

"ते आम्हाला सांगू नकोस. वाजवत होता ना? मग दाखवू दे वाजवून. काय वाजवत होता ते कळू दे एकदा."

मामाने विचारलं, "येकट्याने?"

"हो, एकट्याने. ह्याचा बाजा नको मध्ये."

मामाने कोटाचं वरचं बटण लावलं, टाचा जुळवल्या, बास अंगावर चढवला आणि वाजवायला सुरुवात केली. पों... पों... पोंपों... पों.

मी ताठ उभा राहिलो. मला दुसरं काही करता आलं नसतं, पंधरा वर्षांची सवय होती. समितीत मात्र कोणी हललं नाही. एकाने बशीत चहा ओतला आणि फुर्रकन ओढला. दुसऱ्याने तिसऱ्याला विचारलं, तुमच्याकडची लावणी उरकली का. नानासाहेब खुर्चीत रेलून हसले. "म्हैस हंबरतेय नुसती!" म्हणाले. मामाची नजर समोरच्या भिंतीवर होती. माझ्या अंगावर काटा आला, आणि खरं सांगतो, हसूही येत होतं.

हेडमास्तरांची लेखणी मध्येच थांबली. त्यांनी चष्म्यातून मामाच्या जुळवलेल्या टाचांकडे पाहिलं, मग माझ्या हातांकडे. मग ते खुर्ची मागे सरकवून सावकाश उभे राहिले. नानासाहेबांना वाटलं, कपाटातलं काही काढायचं असेल. शेवटचा सूर मामाने पुरा लांबवला, बास खाली घेतला आणि म्हणाला, "झालं, सायेब."

"हेच वाजवत होतास?"

"हेच."

"ठीक आहे. लिहा हेडमास्तर. वादन करून दाखवले म्हणून लिहा."

हेडमास्तर खाली बसले आणि लिहायला लागले. त्यांना लिहायला फार वेळ लागला. मग नियमाप्रमाणे त्यांनी मोठ्याने वाचून दाखवलं. "शिपाई इनास यांनी समितीच्या आज्ञेवरून संपूर्ण राष्ट्रगीताचे बासवादन सावधान स्थितीत उभे राहून केले. अध्यक्ष व सभासद यांनी ते बसून, चहा घेत ऐकले."

ज्यांच्या हातात बशी होती त्यांनी ती टेबलावर ठेवली, पण आवाज न करता.

नानासाहेब म्हणाले, "हे... हे वाक्य काढा."

"कोणतं साहेब?" हेडमास्तरांनी विचारलं. "यांनी वाजवलं ते, की आपण ऐकलं ते? एक काढलं तर दुसरं लटकत राहतं."

शेवटी दोन्ही वाक्यं काढली, आणि वाक्यांबरोबर दोन्ही आरोपही काढले. झेंड्याची गाठ कोणी बांधली होती याचा त्या इतिवृत्तात कुठेच उल्लेख नाही. आम्ही बाहेर पडलो तेव्हा मी मामाला विचारलं, "मुद्दाम केलंस?"

"मुद्दाम कशाचं? त्यांनी इचारलं, काय वाजवत व्हतास. तेच वाजवलं." आणि सायकलवर टांग मारून तो कोळगावच्या बारशाला निघाला.

नोकरी राहिली. मामा तीन वर्षांनी मानाने निवृत्त झाला आणि समारंभात नानासाहेबांनीच त्याला नारळ दिला. मधल्या काळात सगळीकडेच मोकळं वारं सुटलं. चर्चमधलं लॅटिन गेलं, मिस्सा मराठीत आली, उपास तीन तासांवरून एका तासावर आला. मामाने मराठी मिस्सा आनंदाने घेतली. "आता देवाला माझं कळतं न् मला देवाचं," म्हणाला. उपास मात्र त्याने तिथेच ठेवला, जिथे होता.

तारापूरला अणुवीज प्रकल्पाचं काम चालू झालं तशी बोईसरची वस्ती बदलली. परप्रांतातले कामगार, इंजिनियर, फाटकावर पहारा. सदुसष्टच्या पंधरा ऑगस्टला तिथल्या वसाहतीत झेंडावंदनाला आम्हाला बोलावणं आलं. मामा तेव्हा बासष्टचा. मी म्हटलं होतं, तू येऊ नकोस, दुसरा बासवाला बघतो. सकाळी तो कोट घालून सायकलपाशी उभा राहिला. एक मात्र मान्य केलं पाहिजे, तिथला कार्यक्रम आठचा म्हणजे आठचाच होता.

फाटकावर प्रत्येकाचा पास करायचा होता. पहाऱ्यावरचा हिंदी बोलणारा जमादार नाव, गाव, वय लिहून घेत होता. मामाची पाळी आली. पाससाठी कोणीतरी त्याची ओळख द्यायला हवी होती. जमादाराने मामाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "ये बुजुर्ग आपके कौन लगते हैं?"

मी तोंड उघडायच्या आत मामाच बोलला. खुशालीत, हसत, दाढा पडलेल्या तोंडाने. "मी? कोन नाय साब. भाडे का हाय. मनोर से लाया."

पाच वर्षं. या पाच वर्षांत तो माझ्या शेजारी दोनशे वराती चालला होता, माझ्या मुलीच्या बाप्तिस्म्याला त्याने तिला मांडीवर घेतलं होतं, आणि एकदाही, एका शब्दानेही त्याने मला ते ऐकवलं नव्हतं. मला वाटलं होतं त्याने ऐकलंच नाही. मला तसं वाटून घेणं सोयीचं होतं.

जमादाराने लिहायला सुरुवात केली. मी त्याचा हात धरला. "नहीं साब. मनोर-बिनोर कुछ नहीं. मामा हैं मेरे. सगे मामा. मुझे बजाना इन्होंने सिखाया." जरा मोठ्यानेच बोललो असणार, कारण रांगेतली माणसं वळून पाहायला लागली.

जमादाराने खोडून पुन्हा लिहिलं. मामाचा चेहरा पाहून त्याला काय वाटलं कोण जाणे, टेबलावरचा चहाचा पेला त्याने पुढे केला. "लो बाबा, चाय पियो."

मामाने मान हलवली. "दस बजे के बाद." मग बास खांद्यावर चढवत माझ्या कानाशी आला. मला वाटलं, आता रागवेल. पण त्याने माझ्या कोटाचं सुटलेलं बटण लावलं, तेच, मुकुट घासून काढलेलं, आणि म्हणाला,

"पाच वरसं लागली रं तुला. चल, येळ झाली."